विमानाची खोळ

आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी आयुष्यभर मुलांना मराठी शिकवलं, आणि माझी सगळ्यात मोठी फजिती झाली ती एका शब्दापायी. शब्दही साधा, दोन अक्षरांचा. रोज रात्री तुम्ही त्याच्यावर डोकं ठेवून झोपता.

चहा घ्या आधी. गोष्ट सुरतेहून निघून मद्रासला पोचते, तोवर तो गार होईल.

हे होते तोवर मी हा किस्सा कुणाला सांगितला नाही. म्हणजे सांगायला ह्यांची हरकत नव्हती, पण मी सांगत असताना हे शेजारी बसून खिडकीबाहेर बघत राहिले असते, आणि ते मला सहन झालं नसतं. आता हे नाहीत. सांगायला मीच उरले, तर सांगून टाकते.

तेव्हा मद्रासचं चेन्नई व्हायचं होतं. आम्ही सुरतेला बमरोली रोडला राहत होतो. हे एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये सुपरवायझर. जन्म खानदेशातला, पण वाढले सुरतेतच, त्यामुळे गुजराती पाण्यासारखी यायची. मी मिरजेची. लग्न होऊन सुरतेला आले आणि आमच्याच भागातल्या मराठी शाळेत नोकरीला लागले. गुजराती मला किती येत होती? माझ्या मते, पूर्ण. मराठी शब्दाला शेवटी ओकार लावायचा आणि वरून थोडं तूप सोडायचं, की झाली गुजराती, असं मी शाळेत सगळ्यांना ठणकावून सांगत असे. ह्यांनाही सांगितलं होतं.

हे म्हणाले, "असेल."

'असेल' हा ह्यांचा आवडता शब्द. त्यात होकार आहे की नकार, हे मला संसार संपेपर्यंत नीट कळलं नाही.

घरात आम्ही दोघं, नऊ महिन्यांची मनू आणि सासूबाई. सासूबाईंची अहिराणी, माझी मिरजेची मराठी. आमचं भांडण होतं असं समजू नका. भांडायलासुद्धा थोडी ओळख लागते. त्या मला 'मास्तरीण' म्हणत, मी त्यांना 'आई' म्हणे, आणि एवढं बोलून झालं की दोघी आपापल्या कामाला लागत असू.

अशात एके दिवशी शाळेच्या ऑफिसात माझ्यासाठी मद्रासहून फोन आला. माझा भाऊ तिथे बँकेत होता आणि आमचे अप्पा त्याच्याजवळ राहत होते. अप्पांना अर्धांगाचा झटका आला होता. जिवावरचं टळलं, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं थांबलं.

अप्पा गप्प. माझा विश्वासच बसेना. मिरजेच्या शाळेत अप्पांनी सातवीच्या वर्गात व्याकरण शिकवायला घेतलं की पाचवीच्या पोरांचंही पाठ व्हायचं, असा तो आवाज.

दादा म्हणाला, "डॉक्टर सांगतात, शब्द परत येऊ शकतात. पण यांनी प्रयत्नच सोडलाय. भिंतीकडे तोंड करून पडतात. तू मनूला घेऊन ये गं. त्यांनी नात पाहिलेली नाही अजून. तिला बघून तरी बोलतील."

झालं. जायचं तर होतंच. पण एप्रिल महिना, मनू नुकतीच जुलाबांतून उठलेली, आणि मुलांचे डॉक्टर म्हणाले, एवढा लांबचा रेल्वेप्रवास या उन्हात करायचा नाही. दादाला कळवलं तर तो म्हणाला, मग विमानाने या, मी बघतो.

विमानाने. आमच्या अख्ख्या गल्लीत विमानात बसलेलं कुणी नव्हतं. काय न्यायचं, काय नाही, मुलाला आत काय लागतं, विचारणार कुणाला? सुरतेहून विमान मिळायची खात्री नव्हती, म्हणून मुंबईपर्यंत रेल्वे आणि मुंबईहून विमान असं ठरलं. ह्यांची सकाळची पाळी होती, म्हणून मनूला सासूबाईंकडे ठेवून मी एकटीच रिंग रोडला तिकीटवाल्याकडे गेले. जयंतीभाई त्यांचं नाव. समोर दोन फोन, मागे देवाचं कॅलेंडर.

मी माझ्या तूप सोडलेल्या गुजरातीत सांगितलं, दोन मोठी माणसं आणि नऊ महिन्यांची मुलगी.

जयंतीभाई म्हणाले, "बेबीने जुदी सीट नहीं मळे, बेन. ए तो तमारा खोळामां."

ज्यांना गुजराती येते ते आत्ताच हसायला लागले असतील. त्यांनी कृपा करून शेजारच्याला काही सांगू नये.

मला सगळं समजलं. बाळाला वेगळी खुर्ची मिळत नाही. बाळाला खोळेत घालून न्यायचं. आणि 'तमारा' म्हणजे ती खोळ विमानवाले देत नाहीत, आपली आपण आणायची. नियम चमत्कारिक वाटला, पण विमानाचे नियम चमत्कारिक असणारच. मनात म्हटलं, विचारून घेतलेलं बरं.

"खोळो केवडो जोइए?"

जयंतीभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने कॅलेंडरकडे नजर वळवली. "जेवडो होय एवडो चालशे, बेन."

म्हणजे मापाची सक्ती नाही. बरं. आता कापड. नायलॉन चालेल की नाही, कुणी सांगावं?

"सुती जोइए?"

इथे मात्र त्यांचा चेहरा खुलला. "हा, सूती होय तो बहु सारुं. रडे नहीं."

बघा, किती विचार केलेला नियम. सुती असली की उकडत नाही, उकडलं नाही की मूल रडत नाही. मी उठले तेव्हा त्यांनी मागून आवाज दिला, "ने पट्टो बांधवानुं भूलता नहीं हं."

वर पट्टाही हवा होता.

संध्याकाळी जेवताना मी सगळं घरात सांगितलं. ह्यांचा घास हातातच राहिला.

"खोळ? कोण म्हणालं?"

"जयंतीभाई. स्वतः."

"गुजरातीत?"

"मग काय, माझ्यासाठी मराठी शिकून आले होते?"

"असेल," असं म्हणून हे पुन्हा जेवायला लागले.

सासूबाई मात्र भाकरी थापता थापता थांबल्या. "पोरले उशीनी खोयमा घाली लई जातस?"

"हो आई. विमानात तसा नियम आहे. मी उद्या शिंप्याकडे टाकते."

"दर्जीनं काम नको," सासूबाई म्हणाल्या. "मी शिवसू."

दुसऱ्या दिवसापासून मी सुती कापड शोधायला निघाले. तुम्ही सुरतेला गेला असाल तर तुम्हाला कळेल मी काय म्हणते ते. त्या गावात कापडाचा महापूर आहे, पण तो सगळा पॉलिस्टर, नायलॉन आणि जॉर्जेटचा. मार्केटातल्या एका दुकानदाराला मी चांगलं सुती कापड मागितलं तर तो म्हणाला, "कॉटन? पहेरवानुं के लूछवानुं?" घालायला हवं की पुसायला. दुसऱ्याने तर मला कॉटनसारखं दिसणारं पॉलिस्टर दाखवून, यात आणि कॉटनमध्ये फरक ओळखा, अशी पैज लावली. मी हरले.

हात हलवत घरी आले. सासूबाईंनी काही विचारलं नाही. पलंगाखालची पेटी ओढली आणि आतून एक लुगडं काढलं. गडद हिरवं, बारीक काठाचं, धुऊन धुऊन मलईसारखं मऊ झालेलं. लग्नकार्यात नेसायचं ठेवणीतलं होतं ते.

"आई, हे नको," मी म्हटलं.

"का? विमानले चालाव नही?"

आणि त्यांनी कात्री लावली.

मग आमचं शिवण सुरू झालं. दुपारी मी शाळेतून आले की आम्ही दोघी जमिनीवर समोरासमोर बसायचो, मधे ती खोळ. सासूबाईंचा गोधडीचा हात. टाके असे, की मुंग्यांची रांग शिस्तीत चालली आहे असं वाटावं. माझे टाके त्या रांगेतल्या चुकार मुंग्या. सासूबाई माझा टाका उसवायच्या, काही न बोलता परत घालायच्या, आणि हात चालू असताना आपोआप बोलायला लागायच्या. ह्यांच्या लहानपणी झोळीत घालून त्यांना सुरतेला कसं आणलं, ते इतकं रडायचे की डब्यातले लोक पाळीपाळीने झोळी हलवायचे, सासरे यंत्रमागावर कसे लागले. मी म्हटलं, "आणि आता हे एक शब्द बोलत नाहीत." तर सासूबाई म्हणाल्या, "सगळं तवयच रडी लिधं त्यानी." तेव्हाच सगळं रडून घेतलं. आम्ही दोघी एकत्र हसलो. ते पहिल्यांदाच.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. बायका बघायला येऊ लागल्या. शेजारच्या शकुंतलाबाई यवतमाळकडच्या. त्यांनी खोळ उलटीसुलटी करून पाहिली.

"काहून वो मास्तरीणबाई, पोरीले हवा कोठून येईन?"

खरंच की. मग गळ्याशी मोठं तोंड ठेवलं. शकुंतलाबाईंनीच सुचवलं म्हणून बाटलीला एक कप्पा केला. सासूबाईंनी ओव्याच्या पुरचुंडीला एक केला. माझ्याकडे नाचणीसत्त्व, लंगोट, कानात घालायचा कापूस, असं सगळं होतंच, त्यालाही कप्पे झाले. शिवता शिवता त्या खोळेचं एक छोटं घरच झालं, फक्त भाडेकरू यायचा बाकी होता. आणि येईल त्या प्रत्येकीला मी नियम समजावून सांगत होते. माप कितीही चालतं, कापड सुती हवं, पट्टा विसरायचा नाही. वर्गात शिकवावं तसं. दोघीतिघींनी पाठ केलं असेल.

तिकिटं घ्यायला हे गेले. परत आले तेव्हा आम्ही दोघी खोळेवर वाकलो होतो. हे दारातच उभे राहिले. बराच वेळ.

"काय झालं? तिकिटं मिळाली ना?" मी विचारलं.

"मिळाली."

"मग?"

"काही नाही. बसा तुम्ही."

आणि दुसऱ्या दिवशी मिलमधून येताना ह्यांनी एक पांढरी चेन आणली, बॅगेला लावतात तशी, आणि पट्ट्यासाठी एक चांगलं बक्कल. "घालायला-काढायला सोपं जाईल," म्हणाले. मला केवढा अभिमान वाटला. म्हटलं, बोलत नाही, पण माणसाचं लक्ष आहे घरात.

निघायचा दिवस आला. मुंबईच्या विमानतळावर तपासणीला एक बाई होत्या, मराठी बोलणाऱ्या. मी खोळ दोन्ही हातांवर धरून त्यांच्यासमोर उभी राहिले, जशी काही परीक्षेला उत्तरपत्रिका देत होते. आत मनू, वर पट्टा, बक्कल लावलेलं.

"हे काय आहे?"

मी तोंड उघडायच्या आत हे पुढे झाले. "खोळ आहे. आमच्याकडे लहान मूल खोळेतूनच नेतात."

"कुठे तुमच्याकडे?"

"सुरतेला."

त्या बाईंनी चेन उघडली. मनूने आतून डोकं वर काढलं आणि त्यांची टोपी धरली. टोपी सोडवून घेईपर्यंत त्या हसायला लागल्या होत्या. त्यांनी शिवणीवरून हात फिरवला. "कुणी शिवली हो?"

"माझ्या आईने आणि बायकोने," हे म्हणाले. ज्या सुरात हे म्हणाले, त्या सुरात मी आजवर कुणाला आपल्या बढतीची बातमीसुद्धा सांगताना ऐकलेलं नाही.

विमानात हवाई सुंदरी आली. हिंदीत म्हणाली, "बच्ची को गोद में ले लीजिए."

"गोद में नहीं," मी म्हटलं. "खोळ में."

"जी?"

"खोळ में. नियम है ना. सुती है, देखिए."

तिने ह्यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर पंखाकडे बघत होते. ती पुन्हा म्हणाली, गोद में. मी पुन्हा म्हटलं, खोळ में. आजूबाजूचे लोक बघायला लागले. शेवटी हे वळले आणि शांतपणे म्हणाले, "दोन्ही कर. खोळेसकट मांडीवर घे." हवाई सुंदरीचं समाधान झालं. माझंही झालं. मी मनात म्हटलं, या मुलीला कंपनीने नियम नीट शिकवलेले दिसत नाहीत.

मनू मद्रासपर्यंत झोपली. एकदाही रडली नाही. सुती कापडाचा गुण.

मद्रासला घरी पोचलो. अप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. इतके लहान झाले होते अप्पा. दादाने त्यांना उशीला टेकवून बसवलं, मी मनूला त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी डावा हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. डोळ्यांतून पाणी आलं. ओठ हलले. आम्ही सगळे पुढे वाकलो. दादा म्हणत होता, "म्हणा अप्पा, मनू. म्हणा." ओठ पुन्हा हलले आणि मिटले. अप्पांनी मान फिरवली.

दादा उठून उगाचच पंख्याचं बटण बघायला गेला.

वहिनीला ते मौन सोसलं नसावं. तिने कॉटवरची खोळ उचलली. "हे काय गं नवीन?"

मलाही काहीतरी बोलायला हवंच होतं. मी सांगायला लागले. विमानाचा नियम, माप, सुती कापड, पट्टा, सगळं क्रमवार. शिकवायची सवय, थांबले नाही. अप्पांनी मान परत वळवली. मी शिकवू लागले की ते ऐकायचेच, कुठे चुकते ते धरण्यासाठी.

माझं संपलं. तेव्हा हे उठले, स्टूल ओढून अप्पांच्या उशाशी बसले. लग्नापासून ह्यांनी अप्पांशी सलग चार वाक्यं बोललेली मला आठवत नव्हती.

"अप्पा," हे म्हणाले, "एका शब्दाचा अर्थ सांगायचा होता. गुजरातीत 'खोळो' म्हणतात याला." आणि ह्यांनी आपली मांडी थोपटली.

"तिकीटवाला हिला म्हणाला, बाळाला मांडीवर घ्यायचं. हिने विचारलं, मांडी केवढी हवी? तो बिचारा म्हणाला, जेवढी असेल तेवढी चालेल."

वहिनीने पदर तोंडावर धरला.

"मग हिने विचारलं, सुती हवी का? गुजरातीत 'सूती' म्हणजे झोपलेली. तो म्हणाला, झोपलेली असेल तर फारच छान, रडणार नाही. हिने सगळी सुरत पालथी घातली सुती कापडासाठी. आणि पट्टा होता तो खुर्चीचा."

मी जमिनीकडे बघत होते. ती दुभंगेल तर बरं, असं वाटत होतं, पण मद्रासची जमीन माझ्या ओळखीची नव्हती.

मग एक आवाज आला. घरघर लागावी तसा. मी घाबरून वर पाहिलं, तर अप्पांचा डावा खांदा हलत होता. अर्धं तोंड हसत होतं, अर्धं तसंच होतं. त्यांनी डावा हात उचलला, बोट माझ्याकडे रोखलं, आणि सगळं बळ एकवटून म्हणाले,

"ठों… ठोंब."

स्पष्ट. अनुस्वारासकट.

वर्गातल्या अगदी ढ मुलासाठी अप्पा हा शब्द राखून ठेवत. मी त्यांच्याच वर्गात पहिली येत असे, त्यामुळे माझ्या वाट्याला तो कधी आला नव्हता. दादा रडत होता, वहिनी हसत होती, मनू दोघांकडे बघून टाळ्या वाजवत होती. आणि मी अप्पांचा हात धरून म्हणत होते, "पुन्हा म्हणा अप्पा, पुन्हा म्हणा." त्यांनी पुन्हा म्हटलं. चांगलं चारपाचदा म्हटलं.

नंतर स्वयंपाकघरात मी ह्यांना गाठलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"तिकिटं आणायला गेलो तेव्हा. जयंतीभाई काळजीने विचारत होता, तुमच्या मिसेसची तब्येत बरी आहे ना."

"मग मला सांगितलं का नाहीत? वर चेन आणून दिलीत."

"मी घरी आलो तर तुम्ही दोघी बसला होतात," हे म्हणाले. "आई काहीतरी सांगत होती, तू हसत होतीस. आता एका शब्दासाठी कुठे उठवायचं तुम्हाला."

मी 'असेल' म्हटलं.

संध्याकाळी डॉक्टर आले. तमिळ गृहस्थ, फार उत्साही. अप्पा बोलले हे ऐकून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारलं, पहिला शब्द कोणता होता? दादाने माझ्याकडे पाहिलं. वहिनी आत पळाली. अप्पांनी मात्र, फळ्यावरची गाळलेली जागा भरून दाखवणाऱ्या शिक्षकाच्या थाटात, बोट माझ्याकडे रोखून तो शब्द डॉक्टरांना म्हणून दाखवला.

"म्हणजे काय?" डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं.

सांगायला तर हवं होतं. मी म्हटलं, "माझं नाव."

डॉक्टरांचे डोळे भरून आले. बाप पहिला शब्द बोलतो तो मुलीचं नाव, असं काही तरी ते तमिळमध्ये स्वतःशीच पुटपुटले. मग मला म्हणाले, "मिसेस ठोंब, तुम्ही यांच्याशी रोज बोलत राहा. खूप बोला." आणि औषधाची चिठ्ठी लिहून त्यांनी ह्यांच्यापुढे धरली.

"मिस्टर ठोंब?"

हे उठले. "येस डॉक्टर," म्हणाले, आणि चिठ्ठी घेऊन औषध आणायला गेले.